सानगडीत आवाज कसा आला

रुवी, मस्कत
६ ऑक्टोबर १९८५

तेजरामदादा,

नमस्कार. आईला, म्हणजे तुझ्या काकीला, माझं पाया पडणं सांग. आणि हे पत्र नेहमीसारखं अंगणात उभं राहून वाचू नकोस. आधी आत जाऊन एकट्यानं वाच.

साकोलीचा बाबुलाल सुट्टीवर येतो आहे. त्याच्या हाती एक व्हीसीआर पाठवतो आहे. इथला एक इंग्रज साहेब विलायतेला परत गेला, जाताना त्यानं घरातलं सामान विकायला काढलं, त्यात मला मिळाला. सोबत एक कॅसेट आहे. त्यात मी आहे. माझ्या खोलीतल्या केरळच्या माणसाचा भाऊ लग्नांचे व्हिडिओ काढतो. त्याच्या हातापाया पडून माझंही काढून घेतलं. इस्त्रीचा शर्ट घातला आहे, हसू नकोस.

जवाहरनगरच्या साहेबाची बदली झाली तेव्हा तू त्याच्याकडून लाकडी दारांचा टीव्ही घेतलास ना, त्याला हे जोड. गिरणीची मोटर तू जोडतोस, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत नाटकाचे भोंगे तू जोडतोस, तुला हे काय अवघड.

एक मात्र ऐक. कॅसेट फक्त आईला दाखव. तिला समोर बसव, सुरू कर आणि तू बाहेर जा. राग मानू नकोस, दादा. मी घर सोडल्यापासून माझं प्रत्येक पत्र तूच तिला वाचून दाखवलंस आणि तिचं प्रत्येक उत्तर तूच लिहिलंस. तुझ्या आवाजात माझी पत्रं फार गोड लागतात असं तीच लिहायला सांगते. पण एकदा मला तिच्याशी मध्ये कोणी नसताना बोलायचं आहे. ऐकून ती जे म्हणेल ते जसंच्या तसं लिहून पाठव. एकच शब्द असेल तर एकच शब्द. मी वाट पाहतो.

तुझा,
इश्वर

सानगडी, ता. साकोली
३ नोव्हेंबर १९८५

प्रिय इश्वर,

यंत्र सुखरूप पोचलं. बाबुलालनं ते मांडीवर घेऊन प्रवास केला, पोराला घेतात तसं. आता ते आमच्या पुढच्या खोलीत टेबलावर आहे आणि तुझ्या रुखमिणीवहिनीनं त्यावर रुमाल टाकला आहे.

तू म्हणतोस जोडणं काय अवघड. बाबा रे, माझ्या टीव्हीच्या पाठीला दोन स्क्रू आहेत, त्यांना छपरावरच्या अँटेनाची चपटी पट्टी येते. तुझ्या व्हीसीआरमधून निघते गोल वायर, टोकाला सुईसारखी पिन. मी ती सोलून दोन्ही स्क्रूंना पीळ देऊन बांधली. पडद्यावर नुसत्या मुंग्या. बटण एकपासून बारापर्यंत फिरवलं, सगळीकडे मुंग्याच. भंडाऱ्याचा दुकानदार म्हणाला, विलायतेचं यंत्र ज्या नंबरावर चित्र पाठवतं तो नंबर तुमच्या टीव्हीच्या बटणात नाहीच. नव्या सुनेचं जुन्या सासूला समजत नाही, मध्ये कोणीतरी लागतं. ते मध्ये लागणारं डबडं नागपूरला सीताबर्डीत मिळतं. उद्या एसटीनं निघतो. चपट्या पट्टीला गोल वायर जोडायची गुंडीही तिथेच मिळेल.

गावात बातमी फुटली आहे. मी कोणाला सांगितलं नाही, पण बाबुलाल बसमधून उतरला तो खोकं घेऊनच. रस्त्यात जो तो विचारतो, इश्वर कवा दिसते. मंडईच्या आधी मी हे बोलतं करणारच. माझ्या शब्दाची गावात किंमत आहे, तुला माहीतच आहे.

काकी बरी आहे. डोळ्यांचं थोडं आहेच. रोज येऊन रुमाल उचलून यंत्राला हात लावून जाते.

तुझा,
तेजराम

सानगडी
२४ नोव्हेंबर १९८५

प्रिय इश्वर,

झालं एकदाचं. नागपूरचं डबडं मध्ये बसवलं, बटण चारवर ठेवलं आणि मुंग्यांतून तू निघालास. चित्र इतकं स्वच्छ की तुझ्या खिशाचं पेन दिसत होतं.

मंडईचाच दिवस निघाला. घरात पाहुणे, शेजारचे दोघं-तिघं येऊन टेकले, सणाच्या दिवशी कोणाला ऊठ म्हणता येतं का? पण काकी अगदी समोर होती, हे खरं. तू बोलत होतास तोवर तिनं पापणी हलवली नाही. पदरानं डोळे टिपत होती. संपल्यावर सगळे म्हणाले, पोरगा असावा तर असा.

तू जसंच्या तसं लिहायला सांगितलंस, म्हणून लिहितो. काकी म्हणाली, "राह्य म्हनावं. माह्यी काळजी करू नोको." एवढंच बोलली आणि उठून घरी गेली.

रुखमिणी त्या दिवसापासून माझ्यावर घुश्शात आहे, कारण तिचं तिलाच ठाऊक. मंडईचं नाटक छान झालं. राजाचं काम करणाऱ्याचा घसा ऐन वेळी बसला, मी मागून पुस्तक धरून त्याचं सगळं भाषण बोललो. त्यानं फक्त ओठ हलवले. लोकांना कळलंही नाही.

तुझा,
तेजराम

रुवी
२२ डिसेंबर १९८५

तेजरामदादा,

आईचं उत्तर मिळालं.

कंपनीच्या नव्या करारावर काल सही केली. अजून दोन वर्षं. पासपोर्ट पुन्हा त्यांच्या कपाटात गेला. ती म्हणाली राह्य, तर राहतो. तिनं विचार करूनच म्हटलं असेल.

तिनं याशिवाय काहीच विचारलं नाही का? माझ्या कामाबद्दल? तू खोलीत होतास की बाहेर, हे तू लिहिलं नाहीस. तू ऐकलं असशील तर ते तुझ्याजवळच ठेव, एवढंच मागणं आहे.

इश्वर

सानगडी
१९ जानेवारी १९८६

प्रिय इश्वर,

तुझं पत्र वाचलं. काकीला तुझी खुशाली सांगितली. सही केल्याचंही सांगितलं. ती "बरं" म्हणाली.

तुझ्या कामाबद्दल काय लिहू? तू इलेक्ट्रिशियन आहेस, चांगला पगार घेतोस, गावाला त्याचा अभिमान आहे. त्यात जवळ ठेवण्यासारखं काय आहे? आणि मी ऐकलं न ऐकलं तरी आपल्यात काय लपलेलं आहे?

एक गोष्ट तुला कळवावी की नाही, यात दोन दिवस गेले. काकी हल्ली नीट जेवत नाही. धान मळून झालं, पोती भरली, पण तिनं एकदाही खळ्यावर येऊन पाहिलं नाही. दुपारी आमच्याकडे येते आणि बंद टीव्हीसमोर बसते. लावू का म्हटलं तर नको म्हणते. रुखमिणीनं विचारलं, काहून बसून राहता, तर म्हणाली, "त्याले करमत असंन, त मंग बरं हाय."

वयाचं असेल. तू जिवाला लावून घेऊ नकोस. एक मोठं पत्र लिही, मी तिला चांगलं वाचून दाखवतो.

तुझा,
तेजराम

रुवी
१६ मार्च १९८६

तेजरामदादा,

एक विचित्र गोष्ट झाली म्हणून लिहितो.

ज्या साहेबाचा व्हीसीआर तुझ्याकडे आहे, त्याच्या बंगल्यात आता दुसरा साहेब आला आहे. त्यानंही विलायतेहून व्हीसीआर आणला, टीव्ही मात्र इथलाच घेतला. चित्र आलं, आवाज नाही. नुसती खरखर. दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, विलायतेचं आणि इकडचं चित्र सारखंच असतं, पण आवाजाची जागा वेगळी असते. हिंदुस्थानातही इकडच्यासारखंच. यंत्राच्या पाठीला, वायर लावायच्या भोकाशेजारी एक बारीक काळं बटण असतं, ते काडीनं सरकवलं की आवाज येतो. नाही सरकवलं तर इकडचा किंवा आपल्याकडचा कुठलाही टीव्ही असू दे, आवाज येणं शक्यच नाही.

आधीच्या साहेबाचं यंत्रही त्याच जातीचं. त्याचा टीव्ही विलायतेचा होता, म्हणून त्याचं बटण तिकडच्याच बाजूला असणार. मी ते कधी पाहिलं नाही, तुला कधी सांगितलंही नाही.

मग सानगडीत आवाज कसा आला? तू बटण सरकवलं होतंस का?

एवढं लिही. मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नाही.

इश्वर

सानगडी
६ एप्रिल १९८६

इश्वर,

बटण मी सरकवलं नव्हतं. काल सरकवलं. घरातल्यांना बाहेर पाठवून, दार लावून, तुझी कॅसेट पहिल्यांदा ऐकली.

आता जे झालं ते सांगतो. सांगताना लाजेनं मान वर होत नाही, पण हे तुला रुखमिणीकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

शेजारचे दोघं-तिघं असं मी लिहिलं होतं. ते खोटं होतं. अंगण भरलं होतं. मीच सगळ्यांना बोलावलं होतं. तू फक्त आईला दाखव म्हणालास, ते वाचून मला थोडं लागलंच होतं. मी टीव्ही दारात आणून ठेवला. मंडईला आलेले पाहुणे, गल्लीतले, वरच्या आळीतले, सगळे. काकीला पुढे खुर्ची दिली. चित्र आलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझे ओठ हलत होते आणि आवाजाच्या जागी तळल्यासारखी खरखर. कोणी म्हणालं, "तेजरामभाऊ, आवाज कुठं गेला?" मी म्हणालो, वायर सैल आहे, मागून धरून बसतो. आवाजाचं बटण शून्यावर नेलं आणि टीव्हीच्या मागे जाऊन बसलो.

आणि मी बोललो. तुझ्या आवाजात. नाटकाला मागून बोलतो तसा. आरशासारखं काही नव्हतं समोर, पण बाजूच्या खिडकीच्या काचेत तुझं तोंड उलटं दिसत होतं. तू ओठ मिटलेस की मी थांबलो, तू उघडलेस की बोललो. मी म्हणालो, आई, मी मजेत आहे. मोठ्या हुद्द्यावर गेलो. साहेब सोडायला तयार नाही. अजून दोन वर्षं राहून येतो, तुझी हरकत नाही ना? लोकांना जे ऐकायचं होतं ते मी बोललो.

आणखी एक वाक्य बोललो. ते लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होत नाही. तुझ्या तोंडून मी म्हणालो, "तेजरामदादा आहे म्हणून मी निर्धास्त आहे. तो सांगेल तसं वाग." हे कोणी मागितलं नव्हतं. तुझ्या तोंडून मी माझीच स्तुती करून घेतली. त्यावरही लोकांनी माना डोलावल्या. रुखमिणी आतल्या दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती.

आणि तू काय बोलत होतास, ते मी काल ऐकलं. "आई, मी वायरिंगचं काम करत नाई. मी लोकाइच्या गाड्या धुवून राहिलो. तुले सांगाची लाज वाटत होती. दिवाळीनंतर करार संपते. तू ये म्हनली त येतो, राह्य म्हनली त राह्यतो. तेजरामदादाले तुह्या एक शब्द लिहाले सांग." त्यानंतर तू बराच वेळ गप्प बसला आहेस. नुसता समोर पाहतो आहेस. त्या जागी मी म्हणालो होतो, "बरं, आता निघतो, साहेब बोलावून राहिला."

काकीनं "राह्य" म्हटलं ते तुला नाही, मला म्हटलं. तुझ्या प्रश्नाला माझ्या प्रश्नाचं उत्तर गेलं आणि त्यावर तू सही केलीस.

मी मनाची समजूत घालून पाहिली, की आवाज आला असता तर तुझं गाड्या धुणं अख्ख्या अंगणानं ऐकलं असतं, तेवढी तुझी अब्रू मी राखली. पण अंगण मीच भरवलं होतं.

काकीला अजून सांगितलेलं नाही. हिंमत झाली नाही. तू सांगशील तसं करतो.

तेजराम

रुवी
४ मे १९८६

तेजरामदादा,

पत्र मिळालं. उत्तर लिहायला बसलो आणि फाडलं, असं बऱ्याचदा झालं. त्यात तुला फार वाईट बोललो होतो. आता तेवढा जोर राहिला नाही.

अंगण भरलं होतं हे वाचल्यावर माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली, सांगतो. बरं झालं आवाज आला नाही, असं आलं. आई तिथे काय समजून बसली असेल, हे त्यानंतर आलं. तेव्हापासून मला तुझ्यापेक्षा माझीच शरम वाटते. माझी गोष्ट साधी होती. मी ती पत्रात लिहिली असती आणि तू वाचली असतीस, तर काय बिघडलं असतं? तुझ्या तोंडून माझी लाज ऐकवायला नको म्हणून मी समुद्रापारहून यंत्र पाठवलं, आणि शेवटी सगळं तुझ्याच तोंडून गेलं.

पासपोर्ट कपाटात आहे. मागितला तर काय म्हणतील, माहीत नाही.

आता एक कर. आईला काही समजावून सांगू नकोस. तुझ्या तोंडून नको. दुपारी तिला बसव, बटण सरकवलेलं आहे ते बघ, कॅसेट लाव आणि या वेळी खरोखर बाहेर जा. उत्तर तू लिहू नकोस. वहिनी लिहील.

इश्वर

सानगडी
१५ जून १९८६

बाबू इश्वर,

हे पत्र तुह्यी वहिनी लिहून राहिली. मी बोलतो तसंच लिही म्हनलं तिले, सुधरवू नोको.

तुह्यी कॅसेट पाह्यली. या वक्ती घरात कोनीच नोहोतं. तेजराम बाहेर बैलबंडीवर जाऊन बसला होता. तुह्या आवाज बारीक झाला बाबू. पानी बदललं म्हनून असंन.

तेजराम माह्या पाया पडला, लय रडला. मी त्याले सांगतलं आन् तुलेबी सांगतो. त्या दिवशी मागून तेजराम बोलून राहिला होता, ते मले तवाच मालूम होतं. डोळे अधू झाले, कान नाई. त्याचा आवाज मी त्याच्या लहानपनापासून ऐकतो. पन नाटकात मागून बोलनारा आपल्या मनचं कधी बोलत नाई. पुस्तकात असते तेच बोलते. मी समजली, यंत्र मुकंच असंन, म्हनून तूनं आधीच त्याले चिठ्ठीत लिहून पाठवलं असंन. आवाज त्याचा, बोल तुह्ये. म्हनून मानलं.

तेजरामले लाज वाटते, तुले वाटते. माह्यी कोनी इचारली नाई. मी तुह्यी माय. तू दोन वर्स अजून राह्यतो म्हनला, तवा मले ये म्हनाचं होतं. पन सारं अंगन पाहून राहिलं होतं, लोक टाळ्या पिटत होते, तवा पोराले वापस बलावते, अशी कशी माय, असं म्हनतीन लोक. लोकाइच्या लाजेनं मी राह्य म्हनली. तेजरामनं तुह्या तोंडात बोल घातले, पन राह्य हा बोल माह्या तोंडातून मीच काढला. त्याचं खापर मी त्याच्यावर फोडत नाई.

गाड्या धुतल्या त धुतल्या. तुह्या बापानं लोकाइचे बैल धुतले. मले कायले लपवलं?

परवा कॅसेट पुन्हा लावाले सांगतली. तू इचारून गप बसते ना, तिथं मी तुले सांगतलं. तुह्या वहिनीनं मले समजावलं का टीव्हीतल्या मान्साले ऐकू येत नाई. ते मलेबी समजते. पन तू वाट पाहून राहिला होता.

तुह्या पासपोर्ट कवा सुटते, ते तू पाह्य. मी घाई करत नाई. माह्या बोल तेवढा तुह्याजवळ असू दे.

तुह्यी आई,
गोदावरी

इश्वरभाऊजी, दोन ओळी माझ्या. काकींनी हे पत्र माझ्याकडून परत परत वाचून घेतलं. मी पदरचं काही घातलं का, ते त्यांना बघायचं होतं. यांनी या वर्षी मंडईच्या नाटकात मागे बसायला नाही म्हणून कळवलं आहे. दिवसभर गिरणीवर असतात, घरी कमी बोलतात.

खालचं अक्षर मी काढलेलं नाही. पेरणीची घाई असतानाही काकी रोज दुपारी पाटी घेऊन माझ्याजवळ बसत होत्या. एवढं एकच शिकव म्हणाल्या, बाकीचं मला काही लिहायचं नाही. मी हात धरायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

ये